मिस्त्री भरवशाचा हवा, मग जात कशाला विचारता?

मे महिना सरत आला की गोंदिया जिल्ह्यात मिस्त्रीला भाव येतो. मृग लागायच्या आत कुणाला कवेलू फेरायचे असतात, कुणाच्या स्लॅबला मागच्या पावसाळ्यात ओल आलेली असते, कुणाचे घरकुल लिंटेलपर्यंत येऊन थांबलेले असते. आमगाव असो की सालेकसा, तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, सगळीकडे एकच गाऱ्हाणे ऐकू येते. मिस्त्री भेटत नाही, भेटला तर टिकत नाही आणि टिकला तर काम धड करत नाही. नळ फिटर, वायरमन, वाढई, रंगारी यांच्याबद्दलही लोक हेच बोलतात. गाऱ्हाणे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे मिस्त्रीला विचारले तर तो सांगेल की काम सांगणारे भरपूर भेटतात, वेळेवर पैसे देणारे थोडेच भेटतात. भरवशाचा कारागीर कुठे मिळतो, हा प्रश्न या दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय सुटणार नाही.

वस्तीतली म्हातारी माणसे सांगतात, "पहिले असं नव्हतं बापा. वाढयाले हाक मारली का तो येत होता." खरे आहे, येत होता. पण का येत होता? कारण त्याला न येण्याची सोय नव्हती. गावगाड्यात सुताराने सुतारकी करायची, लोहाराने लोहारकी करायची आणि वर्षाच्या शेवटी खळ्यावर जे धान्य पदरात पडेल ते घ्यायचे. कामाचा दर त्याने ठरवायचा नाही, गिऱ्हाईक त्याने निवडायचे नाही. आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला तर गावाची सगळी हलकी समजली जाणारी कामे होती आणि त्यांना नकार देण्याची मुभा अजिबात नव्हती. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रांतात मोडत होता आणि गावावर मालगुजाराची सत्ता होती. ती मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. त्या काळातल्या ज्या 'भरवशा'ची आठवण आज काढली जाते, तो सक्तीचा भरवसा होता. बांधलेला बैल पळून जात नाही, म्हणून त्याला इमानदार म्हणायचे काय?

आज मिस्त्री मोकळा आहे. तो नागपूरला जाईल, हैदराबादला जाईल, रायपूरला जाईल. गोंदिया हे हावडा–मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन आहे, गाडीत बसले की कामाचा दर बदलतो. ही मोकळीक त्याने कष्टाने मिळवली आहे आणि आपण तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र मोकळ्या माणसाकडून काम करून घ्यायचे तर जुन्या हाकेने चालत नाही, करार लागतो. काय काम, किती दिवसांत, किती पैशांत, पैसे केव्हा, हे दोघांनी बसून ठरवावे लागते. जन्मावरून ठरलेले काम जाऊन कराराने ठरलेले काम येणे, हीच तर बाबासाहेबांच्या विचाराची दिशा होती. आपण संविधान मानतो आणि घराचे काम मात्र तोंडी बोलीवर, पानठेल्यावर उभे राहून ठरवतो!

मिस्त्री टिकत का नाही, याचे एक कारण आपल्या जिल्ह्याच्या शेतीत आहे. हा धानाचा जिल्हा. जुलैमध्ये रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. जिथे इटियाडोहसारख्या धरणाचे पाणी मिळते तिथे उन्हाळी धानही असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. आपला मिस्त्री आणि त्याच्या हाताखालची रेजा ही बहुतेक वेळा शेतमजुरी करणारी किंवा एक-दोन एकराची माणसे असतात. रोवणीच्या पंधरवड्यात ती बांधीत असणार, तुमच्या पाडावर नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने नदीतला रेतीचा उपसा बंद असतो. म्हणजे बांधकामाचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. ज्याने जानेवारीत मिस्त्री ठरवला, त्याला चांगला मिस्त्री मिळतो. ज्याने मे महिन्याच्या २५ तारखेला शोधायला सुरुवात केली, त्याला उरलेला मिळतो. यात मिस्त्रीची बेइमानी काढण्यात अर्थ नाही.

आता जातीकडे येऊ. सुतारकाम सुताराचेच चांगले, ही समजूत आपल्या वस्तीतसुद्धा आहे. रंधा जन्मतः हातात येत नाही, तो शिकल्याने येतो. तरी वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला वस्तीतला पोरगा घरी बसलेला असतो आणि आपण बाजारातल्या दुकानदाराने पाठवलेल्या अनोळखी माणसाकडून घरातली वायर ओढून घेतो. दुसरीकडे गावातल्या घरांत वेगळाच प्रकार चालतो. ज्या मिस्त्रीने स्वयंपाकघराचा ओटा बांधला, त्यालाच ओटा तयार झाल्यावर चहा मात्र उंबरठ्याबाहेर! त्याने लावलेली टाइल चालते, त्याचा पेला वेगळा ठेवायचा. असले घर सोडून मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला, तर त्याला पळपुटा म्हणायचे की स्वाभिमानी?

तिसरी गोष्ट जरा कडू आहे, पण आपल्याच पानावर ती लिहिली पाहिजे. "आपला माणूस आहे" एवढ्यावर काम द्यायचे, कागद करायचा नाही, मोजमाप करायचे नाही, आणि शेवटी दोघांनी पंचायतीत भांडायचे, हा प्रकार आपल्यात फार आहे. आपला माणूस म्हणून त्याने अर्ध्या मजुरीत करावे अशी मालकाची अपेक्षा, आणि आपला माणूस म्हणून उशीर झाला तरी चालेल अशी कारागिराची समजूत. यात नातेही जाते आणि स्लॅबही गळतो. जात बघून कारागीर नाकारणे जितके चूक, तितकेच जात बघून डोळे मिटून काम देणे चूक. भरवसा ठेवायचा तो कामावर, आणि काम तपासता येते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे किती बारकाईने पाहिले होते, हे आपण फारसे सांगत नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्र सरकारचे बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात राजकीय आणि शैक्षणिक मागण्यांबरोबर सरकारी ठेक्यांमध्ये आपल्या समाजाला वाटा नाही, ही तक्रारही होती आणि तंत्रशिक्षणाची मागणीही होती. म्हणजे विटा वाहणाऱ्याने विटा वाहतच राहू नये, त्याने हुनर शिकावे आणि ठेकाही घ्यावा, हा विचार ८० वर्षांपूर्वीचा आहे. १९४५ साली, ते मजूरमंत्री असतानाच, देशात रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. काम हवे असणारा आणि माणूस हवा असणारा यांची गाठ ओळखीने किंवा जातीने पडू नये, नोंदवहीने पडावी, ही त्यामागची साधी कल्पना.

हा विषय आपल्यासाठी चैनीचा नाही. शहरातल्या बंगलेवाल्याचा रंग खराब लागला तर तो पुन्हा लावून घेईल. आपल्या वस्तीतल्या विधवा बाईला घरकुल मिळते ते आयुष्यात एकदाच. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना २००८ साली आली. केंद्राची ग्रामीण आवास योजना २०१६ साली नव्या रूपात आली, तेव्हा मैदानी भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. पैसे एकदम मिळत नाहीत, काम जसे वर चढेल तसे हप्ते पडतात. मिस्त्री मध्येच उचल घेऊन निघून गेला की काम थांबते, काम थांबले की हप्ता थांबतो, आणि बाई ताडपत्रीखाली पावसाळा काढते. स्लॅब गळका निघाला तर तो पाडून नवा घालायला दुसरे अनुदान नाही. म्हणून घरकुलवाल्याने मिस्त्री निवडताना श्रीमंतापेक्षा जास्त चौकस असले पाहिजे.

चौकस म्हणजे काय? इंजिनिअर व्हायची गरज नाही. पहिली गोष्ट, मिस्त्रीने दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेले घर पाहून या. नवे काम सगळ्यांचेच छान दिसते, दोन पावसाळे गेल्यावर खरे कळते. त्या घरच्या बाईशी बोला, कारण ओल कुठे येते ते तिला ठाऊक असते. दुसरी गोष्ट, काम रोजीने आहे, नुसत्या मजुरीच्या ठेक्याने आहे की मालासकट ठेक्याने आहे, ते स्पष्ट करा. रोजीच्या कामात मालकाला रोज हजर राहावे लागते. ठेक्यात मिस्त्री घाई करतो, म्हणून मोजमाप आधी ठरवावे लागते. छपाईच्या मापात दार-खिडकीची जागा धरायची की वजा करायची, एवढ्या एका मुद्द्यावर किती भांडणे झाली असतील!

तिसरी गोष्ट कागदाची. शाळेच्या वहीचे एक पान पुरते. कामाची यादी, दर, सुरू करण्याची तारीख, कोणत्या टप्प्याला किती पैसे, खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. उचल थोडी द्या, पुढचे पैसे जोते झाल्यावर, लिंटेल झाल्यावर, स्लॅब झाल्यावर, आणि शेवटचा थोडा भाग छपाई वाळून नळ-वायर तपासल्यावर. दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद त्याच पानावर करा. आपल्यातले पुष्कळ मिस्त्री कमी शिकलेले आहेत, त्यांना हा कागद वाचून दाखवा. तो कागद त्यांच्याही संरक्षणाचा आहे.

चौथी गोष्ट तपासणीची, आणि यासाठी लागणारे आकडे सातवीच्या पोराला पाठ होतील असे आहेत. स्लॅबच्या मालाला १ भाग सिमेंट, दीड भाग रेती आणि ३ भाग गिट्टी हे नेहमीचे प्रमाण. सिमेंटचे पोते ५० किलोचे, त्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. माल पातळ केला की थापी लवकर चालते, पण स्लॅब कच्चा राहतो आणि गळतो. सळाखीखाली सिमेंटचे ठोकळे हवेत, म्हणजे लोहा खालच्या बाजूने २० मिलिमीटर तरी मालात झाकला जाईल. तो उघडा राहिला तर गंजतो आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे पडू लागतात. ८ मिलिमीटरची सळाख मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम आणि १० मिलिमीटरची सुमारे ६१७ ग्रॅम भरते. दुकानातून आलेला लोहा तोलून घेतला की पातळ सळाख लगेच सापडते. छोट्या खोलीच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि बीमखालचे १४ दिवस तरी काढू नयेत. राखमिश्रित सिमेंट असेल तर त्याहून थोडे थांबलेले बरे. तराई साध्या सिमेंटला ७ दिवस लागते, राखमिश्रित सिमेंटला १०, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात १४ दिवस पाणी मारले तर जास्त नाही. पुष्कळ स्लॅब मिस्त्रीच्या हातून बिघडत नाहीत, मिस्त्री गेल्यावर तराई न केल्याने बिघडतात. हे काम घरमालकाचे आहे.

विजेच्या कामात काटकसर जिवावर बेतते. घरातली वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी, वीजजोडणीसाठी त्याचा चाचणी अहवालही लागतो. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारे यंत्र, ३० मिलिअँपिअरचे, या दोन गोष्टींवर खर्च करा. पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लागून माणूस जातो, तेव्हा वाचवलेले चार पैसे कुणाच्या कामी येत नाहीत.

एवढे करूनही ठेकेदाराने फसवले तर? बांधकामाची सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. तिथे वहीचे ते एक पान उपयोगी पडते. पण ध्यानात ठेवा, हा मार्ग ठेका घेणाऱ्याविरुद्धचा आहे. तुमच्या देखरेखीखाली रोजीने राबणाऱ्या मजुरावर तो चालत नाही, आणि चालू नये.

आता आपण मालक म्हणून कसे वागतो ते पाहू. आयुष्यभर मजुरी केलेला माणूस घर बांधायला काढतो तेव्हा चार महिन्यांसाठी मालक होतो. त्या चार महिन्यांत तो आपल्या जुन्या मालकासारखा वागला तर चळवळीने त्याला काय शिकवले? शनिवारचा हिशेब शनिवारीच झाला पाहिजे. पाड मजबूत बांधला आहे की नाही हे बघणे मालकाचेही काम आहे, वरून पडणारा माणूस कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला आणि महाराष्ट्रात त्यांचे कल्याणकारी मंडळ २०११ साली झाले. वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वर्षांच्या मजुराला त्यात नोंदणी करता येते. केलेल्या कामाचा दाखला मागायला आलेल्या मिस्त्रीला खरा दाखला देणे हे उपकार नव्हेत, तो त्याचा हक्क आहे. आणि न केलेल्या कामाचा खोटा दाखला घेणारा खऱ्या मजुराच्या पोरांची शिष्यवृत्ती खातो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

शिक्षणाचा मुद्दा सगळ्यात मोठा. आयटीआयमध्ये नळ फिटर, सुतारकाम आणि गवंडीकामाचे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत, वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे दोन वर्षांचे. घरकुल योजनेतच ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे, प्रत्यक्ष घर बांधत शिकण्याचे प्रशिक्षण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. तिच्यात १८ धंदे आहेत, राजमिस्त्री आणि सुतार आहेत, अवजारांसाठी १५ हजार रुपये आहेत. पात्र असेल त्याने लाभ घ्यावा. पण योजनेची भाषा बघा, कुटुंबात चालत आलेले परंपरागत धंदे! तामिळनाडू सरकारने २०२४ साली नेमक्या याच मुद्द्यावर ती आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. त्या यादीत नळ फिटर नाही आणि वायरमनही नाही. ज्या धंद्यांना बापजाद्यांची जात चिकटलेली नाही, ते यादीबाहेर राहिले. आपल्या पोरांना खरी संधी त्याच धंद्यांत आहे, कारण तिथे गिऱ्हाईक आडनावाआधी परवाना विचारते.

आणि आपल्या बाया? डोक्यावर गमेले घेऊन दिवसभर चढ-उतार करणारी रेजा वीस वर्षांनीही रेजाच राहते. माल कसा कालवतात, ओळंबा कसा धरतात, हे तिने रोज पाहिलेले असते, करणी मात्र तिच्या हातात कुणी देत नाही. झारखंडमध्ये शौचालय बांधणीच्या मोहिमेत हजारो बायांना गवंडीकाम शिकवले, तिथे लोक त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. झारखंडची बाई भिंत उभारते, तर गोंदियाच्या बाईला काय अडचण आहे? बायकोला मिस्त्रीच्या रोजीचे काम मिळाले तर घरात दुप्पट पैसे येतात, एवढे गणित तरी नवरोबांनी समजून घ्यावे.

शेवटी एक करण्यासारखे काम सांगतो. विहारात आपण जयंतीच्या वर्गणीची वही ठेवतो. तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवा. तिच्यात गावातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या मिस्त्री, वाढई, वायरमन, फिटर, रंगारी यांची नावे, शिक्षण, परवाना आणि कुठे कुठे काम केले ते लिहा. जातीचा रकाना ठेवू नका, कुणाही जातीचा चांगला कारागीर तिच्यात असू द्या. काम झाल्यावर मालकाने दोन ओळी लिहायच्या, काम कसे झाले, वेळेवर झाले का. त्याच पानावर कारागिरानेही दोन ओळी लिहायच्या, पैसे वेळेवर मिळाले का, वागणूक कशी होती. दोन्ही बाजूंचे लिहिले तरच ती वही खरी ठरेल. घरकुलांची नवी यादी लागली की गावातल्या सगळ्या लाभधारकांनी एकत्र बसून दिवाळीतच मिस्त्री ठरवावेत, सिमेंट-लोहा एकत्र घ्यावा. घरकुलासाठी ५ ब्रास रेती स्वामित्वधनाशिवाय देण्याची तरतूद राज्याच्या वाळू धोरणात आहे, तिचा अर्जही एकत्रच द्यावा. दहा जणांचे काम एकाच वेळी असले की चांगला मिस्त्री नागपूरची गाडी पकडण्याआधी आपल्या गावाचा विचार करतो.

पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी वही सुरू करा. जयभीम.